वाढत्या अंगाचं धनुष्य

एप्रिल लागला की सेक्टर दोनच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढतात. पोरं यायच्या आधी, सकाळी साडेपाचला, एक माणूस भोकाचा डबा हलवत सरळ चालत जातो आणि त्याच्यामागे पांढरी रेघ उमटत जाते. रेघेच्या अलीकडे पोरापोरींनी उभं राहायचं. पलीकडे, मैदानाच्या टोकाला, गवताची गोल टार्गेटं तिकाटण्यावर टेकवलेली. मी कोहक्याहून सायकलने येतो. मला कोणी बोलावलेलं नसतं. कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, त्याच्यावर बसतो आणि बघतो. स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या माणसाला क्वार्टर सोडावं लागतं, मैदान सोडावं लागत नाही.

भिलाईचा उन्हाळा दोन बाजूंनी येतो. एक वरून आणि एक प्लांटकडून. नऊ वाजले की डांबर मऊ व्हायला लागतं, अकराला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घराघरांतून कूलरचा खडखडाट आणि ओल्या वाळ्याचा वास. दुपारी ताटात बासी, कांदा, हिरवी मिरची. भात रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी खायचा, हे आम्ही गोंदियाकडची माणसं इथेच शिकलो, आणि आता त्याच्याशिवाय मे महिना निघत नाही. उन्हाचं मला काही वाटत नाही. रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं लाल पट्ट्यांशेजारी उभा राहिलोय. पण मैदानावरचं हे तिरंदाजीचं शिबिर सुरू झालं, बाणाचा पहिला ठप्प असा आवाज कानावर आला, की मला घाम फुटतो. तो उन्हाचा नाही.

ठप्प. गवतात बाण घुसला की तसा आवाज येतो. फार मोठा नाही. कोणी गादीवर मूठ मारावी तेवढाच.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो आवाज माझ्या नातीने मला दाखवला. दाखवला म्हणतो, कारण तोवर तो मला ऐकू येत नव्हता. तनू अकरा वर्षांची होती. माझा मुलगा आणि सून नोकरीला रायपूरला, आणि पोरगी शाळेसाठी आमच्याकडे कोहक्याला. उन्हाळी शिबिरात तिचं नाव टाकलं होतं खरं तर बॅडमिंटनला. ती दोन दिवस गेली आणि तिसऱ्या दिवशी मी न्यायला आलो तर ही बॅडमिंटनच्या रांगेत नाहीच. तिरंदाजीच्या रेघेमागे मांडी घालून बसलेली.

"कावून वो तनू, तुहा खेळ तिकडे हाये ना?"

"श्श, आबाजी. सुनो."

ठप्प.

"सुना?"

मी म्हटलं, काय ऐकू? ती म्हणाली, त्याच्या आधीचं ऐका. दोरी सुटते तेव्हाचं. मी कान दिला. दोरी सुटताना बारीक हुंकार येतो, मग काहीच नाही, आणि मग ठप्प. त्या मधल्या काहीच-नाहीमध्ये पोरगी श्वास धरून बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तिने बॅडमिंटनचं नाव काढलं नाही.

तिरंदाजी शिकवायला नेताम मॅडम होत्या. कांकेरकडच्या. तिशीच्या असतील. बोलायच्या कमी, आवाज चढवायच्या नाहीत, आणि पोरांना हात लावून नाही, स्वतः उभं राहून दाखवायच्या. सुरुवातीला सगळ्यांना शिबिराची बांबूची धनुष्यं मिळायची, हलकी, पिवळी, मुठीवर सुतळी गुंडाळलेली. दहाव्या-बाराव्या दिवशी त्या माझ्या बाकाशी आल्या.

"दादाजी, आप तनु के साथ हैं ना? आपकी पोती का हाथ रुकता है."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं की दोरी ओढणं सगळ्यांना येतं, सोडणंही येतं. ओढल्यावर थांबणं येत नाही. बाकीच्या पोरांना ते महिनोन्‌महिने शिकवावं लागतं, ही ते घेऊनच आली आहे. शिबिराच्या शेवटी सरकारी खेळाच्या हॉस्टेलसाठी निवड आहे, भिलाईतून दोन पोरी घेतील, तनूचं नाव त्या लिहिणार. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिकडेच. "बस, इसको अपना धनुष चाहिए. रोज एक ही धनुष पे हाथ बैठे तो अच्छा. बांबू वाला दस बच्चे खींचते हैं."

मग तिथेच बाकावर बसून त्यांनी मला धनुष्य घेण्याची गोष्ट समजावून सांगितली. आज मी ती झोपेतही सांगू शकतो. टोकं पुढे वळलेली असतात ते रिकर्व्ह, त्याच्यावरच सगळे शिकतात. पहिलं धनुष्य महागाचं घ्यायचं नाही, धातूच्या मुठीचं तर बिलकुल नाही. लाकडी मुठीचं, तीन तुकड्यांत खुलणारं घ्यायचं. मधे मूठ, वर एक पातं, खाली एक पातं. पोर वाढलं, ताकद आली, की मूठ तीच ठेवायची आणि पाती बदलायची. लांबी पोराच्या उंचीवर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाउंड. म्हणजे दोरी ओढताना बोटांवर येतं ते वजन. पैसे उरले तर ते मनगटाच्या पट्ट्यात आणि मापाच्या बाणांत घालायचे, जास्त पाउंडात नाही.

"कैसे पता चलेगा कि सही है?" मी विचारलं.

"खींच के ठुड्डी तक लाए, दस गिने. हाथ ना काँपे, तो धनुष बच्ची का. काँपे, तो दुकानदार का."

त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. चोपन्न इंच, सोळा पाउंड. मी चौथीपर्यंत शिकलो. आकडे मला वाचता येतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चिठ्ठी वाचता आली नाही म्हणून झालं, असं कोणी समजू नये.

आमच्या घरात पोराबाळांची कोणतीच वस्तू कधी मापाची आली नाही. सगळं वाढत्या अंगाचं. माझ्या बापाने मला चपला घेतल्या त्या दोन बोटं मोठ्या. मी माझ्या मुलाला बूट घेतले तर पुढे कापूस कोंबून. शाळेचा गणवेश शिवायला टाकला की शिंप्याला आधीच सांगायचं, बाही लांब ठेव, खालची पट्टी आत मुडपून ठेव, पुढच्या वर्षी सोडता येईल. पहिल्या वर्षी पोर त्या कपड्यात बुडालेलं दिसायचं, दुसऱ्या वर्षी जरा बरं, आणि तिसऱ्या वर्षी जेव्हा नेमकं मापाचं व्हायचं तेव्हा कापड विटलेलं असायचं. मापाचा नवा कपडा घालून आमचं एकही पोर फिरलं नाही. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट मोठं घेणाऱ्या माणसाला अक्कल आहे, त्याला पुढचं दिसतं, असंच मानत आलो. पोर वाढणार याच्यावरचा तो भरवसा होता. आता वाटतं, भरवशासारखी दिसणारी ती घाईही असेल.

आणि त्याच्यावर मिलची सवय. आमच्याकडे मालाची किंमत वजनावर. हलका म्हणजे पोकळ, हलका म्हणजे परत वितळायला जाणार. चौतीस वर्षं ज्याने जड वस्तूला मान दिला, त्याच्या हातात एकाएकी दुसरा काटा कुठून येणार?

सुपेल्याच्या बाजारात खेळाच्या सामानाचं दुकान होतं. मी एकटाच गेलो. तनूला न्यायला पाहिजे होतं, मॅडमनी तसं सांगितलंही होतं, पण मला ते धनुष्य अचानक तिच्यासमोर ठेवायचं होतं. दुकानदार पोरगेलासा, गोरा, गळ्यात शिट्टी अडकवलेला. त्याने विचारलं, बच्ची कितने साल की. मी म्हटलं, ग्यारह. चिठ्ठी माझ्या खिशात होती. काढली नाही. दुकानदारासमोर चिठ्ठी काढणं म्हणजे मला यातलं काही कळत नाही असं आपल्याच तोंडाने सांगणं.

त्याने काउंटरवर दोन धनुष्यं ठेवली. दोन्ही लाकडी मुठीची, तांबूस, पॉलिश केलेली. एक आखूड, एक लांब.

"चाचाजी, ये सोला पाउंड. बच्ची आराम से खींचेगी."

"और ये?"

"ये तीस. बडे लडकों का है. दाम दोनों का एक ही है, लेकिन..."

लेकिनच्या पुढचं मी ऐकलंच नाही. मी लांबवालं हातात घेतलं. तोलून पाहिलं. दोरी ओढली. माझ्या हाताला ती काहीच वाटली नाही. सत्तरीला टेकलेल्या म्हाताऱ्याला जे सहज ओढता येतं, ते वाढत्या पोरीला कावून नाही येणार? दाम तेच आणि पाउंड जवळजवळ दुप्पट. आज घ्या आणि लग्नापर्यंत वापरा.

"चाचाजी, एक बार सोच लो."

"बेटा, तू पैदा नही हुआ था तबसे मैं लोहे में हूँ."

तो हसला. मीही हसलो. सायकलच्या दांडीला धनुष्य बांधून मी कोहक्याला आलो तेव्हा छाती अशी भरून आली होती की चढावर पायडल मारताना दम लागला नाही.

बायकोने दारातच पाहिलं. शांता कमी बोलते, पण बोलते तेव्हा सोडत नाही.

"हे काय आनलं? पोरीसाठी धनुष्य आनाले गेले होते का नांगर?"

"तुले काय समजते त्याच्यातलं."

"मले नाई समजत. पन ते पोरीपेक्षा उंच हाये, येवढं दिसते मले."

खरंच उंच होतं. तनूने ते उभं धरलं तर वरचं टोक तिच्या डोक्याच्या वर चार बोटं. पण तिचा चेहरा! पोरगी नुसती मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग माझ्या पाया पडली. शिबिरात पोरांना शिकवलं होतं म्हणे, नवीन धनुष्य आलं की आणणाऱ्याच्या पाया पडायचं.

दुसऱ्या दिवशी नेताम मॅडमनी ते हातात घेतलं, पात्यावरचा आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी रागाला तयार होतो, उत्तर तयार होतं. त्यांनी दमल्यासारखं पाहिलं.

"दादाजी, मैंने सोला लिखा था."

"बढती बच्ची है मॅडम. कल को सोला कम पडेगा."

"कल जब कम पडेगा, कल बदलेंगे. दो बोल्ट का काम है. दुकान में जाके पाती बदलवा लो. नहीं तो इसको अलमारी में रख दो, तीन साल बाद निकालना."

"तीन साल में तो मेरी अर्थी निकल जाएगी."

पोरं हसली. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, ठीक आहे, शिबिरात तनू बांबूचंच ओढेल. आणि तनूच्या हातात पिवळं सुतळीवालं धनुष्य देऊन वळल्या. चाळीस पोरं आणि त्यांचे आईबाप बघत होते. माझं तांबूस धनुष्य गवतावर तसंच पडलेलं.

परत करायला गेलो असतो तर काय झालं असतं? काही नाही. दुकानदार हसला असता, एवढंच. पण तो हसला असता. रोलिंग मिलमध्ये एकदा मी चुकीच्या मापाचा पाना लावला होता, तर सगळ्या शिफ्टसमोर फोरमनला म्हटलं, पाना बरोबर आहे, नटच घिसलेला आहे. आणि जोर लावून तो नट खोलून दाखवला होता. हाताची कातडी निघाली, पण खोलला. त्या गोष्टीचा मला चाळीस वर्षं अभिमान. मी सायकलवर ठरवलं, तनूला जमवून दाखवायचं. मॅडमच्या डोळ्यांसमोर, निवडीच्या दिवशी, याच धनुष्याने.

म्हणून मग संध्याकाळी. पाच वाजले, उन्हं कलली, की अंगणात पाणी मारायचं. तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की वाफ उठायची, आणि मोगऱ्याच्या कुंडीतून वास. भाताचं तणस भरलेलं पोतं भिंतीला टेकवलेलं, पण त्याच्यावर बाण क्वचितच सुटायचा. नुसतं ओढायचं. ओढायचं, धरायचं, हळू सोडायचं. मी खुर्चीवर.

पहिल्या दिवशी दोरी निम्म्यावर आली. आठवड्याने ओठापर्यंत. मग हनुवटीच्या जवळ. हात थरथरायचा, खांदा कानाशी जायचा, पाठ मागे कलायची. मैदानावर सरळ रोपट्यासारखी उभी राहणारी पोरगी अंगणात वेडीवाकडी होऊन जायची. मला ते दिसत होतं. पण मी दोरी बघत होतो. दोरी किती आली तेवढंच.

"जमते का वो?"

"जमते, आबाजी."

"मंग अजून पाच."

घरात ती माझ्याशी मराठीच बोलायची, बाहेर हिंदी. त्या दिवसांत अंगणातही तिचं मराठी दोन शब्दांवर आलं. जमते, आबाजी.

शांता तिच्या खांद्याला रात्री तिळाचं तेल चोळायची. मला सांगायची, पोरगी त्या कुशीवर निजत नाही. मी म्हणायचो, काम केलं का अंग दुखतेच. मी मिलमध्ये लागलो तेव्हा महिनाभर मला घास तोंडाशी नेता येत नव्हता, मेलो का?

"तुमी एकवीस वर्षांचे होते," शांता म्हणाली. "आन तुमाले पगार भेटत होता."

एवढं स्वच्छ उत्तर मला जन्मात कोणी दिलं नाही. मी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो.

त्या उन्हाळ्याची सगळ्यात लख्ख आठवण धनुष्याची नाही. रिबिनीची आहे. तनू तिच्या वेण्या तिसरीपासून स्वतः घालायची, दोन, घट्ट, आरशात न बघता. शिबिर संपायला आठ दिवस उरले असतील. मी सकाळी पडवीत चहा पीत होतो. ती आतून आली, केस मोकळे, हातात लाल रिबीन आणि फणी, आणि आजीसमोर पाठ करून बसली. शांताने तिच्या हातातली फणी घेतली आणि विंचरायला लागली. उजवा हात पोरीने मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

मी चहा संपवला. पाचव्या मिनिटाला सायकल काढली. डॉक्टरकडे नेलं ते शांताने, मी नाही. खांद्याच्या आतली दोरी सुजली आहे म्हणाले. तीन महिने जोर नको. वाढीच्या वयात असं परत परत झालं तर कायमचं राहील. कोणी ओढायला लावलं एवढं, असं डॉक्टरांनी विचारलं तर तनू म्हणाली म्हणे, मीच जास्त प्रॅक्टिस केली.

निवडीच्या दिवशी ती गेली. नको म्हटलं तरी गेली. मला वाटतं, नेताम मॅडमना तोंड दाखवायला गेली असावी. बांबूचंच धनुष्य घेतलं. बाकी पोरी नव्या टीशर्टमध्ये, आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन, बाहेरून आलेले दोन साहेब खुर्च्यांवर. तनूची पाळी आली. रेघेवर सरळ उभी राहिली. बाण लावला. दोरी ओढली. निम्म्यावर आणली आणि हळूच परत सोडली. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा ओढली, पुन्हा निम्म्यावर. साहेबांपैकी एकाने घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा ती ओढणार असं वाटलं, पण तिने बाण काढून घेतला, धनुष्य खाली गवतावर ठेवलं, आपटलं नाही, ठेवलं, आणि मॅडमकडे जाऊन काहीतरी सांगितलं. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्या बाकाकडे पाहिलं. मी कडुनिंबाच्या निंबोळ्या मोजत असल्यासारखा वर बघत राहिलो.

सायकलच्या कॅरिअरवर ती एका हाताने सीट धरून बसली होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, हो. पुढच्या वर्षी तिने फॉर्म भरला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हात बरा झाला होता. लिहायची, पाणी भरायची, आजीसोबत पापड लाटायची. फक्त वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला की डावा हात वापरायची, अजून वापरते.

पाऊस संपता संपता मी सुपेल्याला गेलो. धनुष्य कपड्यात गुंडाळून, कोणाला दिसू नये असं. दुकानदाराने ओळखलं. काही टोमणा मारला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. पात्यांचे दोन बोल्ट ढिले केले, लांब पाती काढली, कपाटातून आखूड सोळाची पाती आणली, बसवली, बोल्ट आवळले, नवी दोरी चढवली. चहा सांगितला होता तो यायच्या आधी काम झालं.

"चाचाजी, उसी दिन आ जाते."

चौतीस वर्षं मी बोल्टच खोलत-आवळत आलो. दोन बोल्ट. पाना पण त्याने खिशातला छोटासा वापरला.

घरी आणून ते तनूसमोर ठेवलं. तिने दोरी दोन बोटांनी जरा ओढून बघितली. हलकी होती. "छान आहे, आबाजी," म्हणाली आणि कपाटावर ठेवून दिलं. तिने ते राग म्हणून ठेवलं नव्हतं. राग असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

लोकांनी विचारलं. शेजारी, मिलमधले जुने, मुलगा, सून. अरे, ती पोरगी तर हॉस्टेलला जाणार होती ना? मी सगळ्यांना एकच सांगितलं. पोट्टीले आवडच नाही राहिली. आजकालची पोरं, दोन दिवसांचा शौक. सात वर्षं सांगितलं. ती शेजारच्या खोलीत असतानाही सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं, आणि मग एप्रिल यायचा, आणि मैदानावर चुना पडायचा.

नेताम मॅडम दोन वर्षांनी बदलून गेल्या. आता एक तरुण सर आहेत. पण नवीन आईबाप बाकावरच्या म्हाताऱ्यालाच विचारतात, कारण मी रोज दिसतो आणि मला माहीत असतं. बाबाजी, पहिलं कोणतं घ्यावं? मी सांगतो. लाकडी मुठीचं, खुलणारं. मापाचं. हलकं. आज पोराला जमेल ते. महाग नको, जड तर मुळीच नको. मला यात मान मिळतो, हे कबूल करायला लाज वाटते.

या वर्षी एक बाई आली. सेक्टरमधलीच, नवरा प्लांटमध्ये, माहेर भंडाऱ्याकडचं. बोलण्यावरून मी ओळखलं. सोबत मुलगी, दहाची, हात बांबूसारखे. मी माझं नेहमीचं सांगितलं, सोळा पाउंडाचं घ्या.

बाई म्हणाली, "पन बाबाजी, वाढत्या अंगाची हाये ना ते. सोळाचं घेतलं आन दोन वर्षांत लहान झालं तर? वीस-पंचवीसचं घेऊन ठेवलं तर निभते. घरी प्रॅक्टिस करवून घेऊ आमी."

मुलगी आईच्या मागे उभी राहून टार्गेटाकडे बघत होती. मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "बाई, माह्या नातीचा खांदा मी असाच खराब केला."

पहिल्यांदा म्हटलं. शब्द बाहेर आले तर ते छोटे वाटले, त्यांनी काही फाटलं नाही. मी सगळं सांगितलं. तीस पाउंड, अंगण, अजून पाच, निवडीचा दिवस. कोणी ओढायला लावलं ते पण. बाई ऐकत होती. मधेच तिने मुलीचा हात धरला आणि बाकापासून जरा लांब सरकली. मला राग नाही आला. बरोबरच होतं. जाताना म्हणाली, "सोळाचंच घेतो मंग." आणि उन्हातून निघून गेली.

त्या दिवशी शनिवार होता. तनू रायपूरहून आली होती. आता ती कॉलेजला आहे, सुट्टीत येते. मी घरी आलो तर ती स्वयंपाकघरात खाली बसून पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होती. शांता पूजेला बसलेली. मी पाणी प्यायलो, ग्लास ठेवला, आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. मी स्वयंपाकघरात असा कधी बसत नाही. तिने वर पाहिलं.

"काय झालं, आबाजी?"

"एक विचारू?"

"विचारा ना."

"तवा तुले इतकं दुखत होतं. त मले सांगितलं कावून नाही?"

कैरीची साल लांब निघत होती, ती तिने तुटू न देता पूर्ण काढली.

"सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

तिने हे टोचून विचारलं नव्हतं. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या तोंडात हो तयार होतं. कोणताही आजा हो म्हणेल. मी त्या अंगणातल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आठवलं, त्याला मी चांगला ओळखतो.

"नाही," मी म्हटलं. "नसतं ऐकलं. अजून पाच म्हटलं असतं."

तिने सोललेली कैरी पातेल्यात टाकली. बाहेर कूलर खडखडत होता.

"मला इतकी वर्षं वाटत होतं," तनू म्हणाली, "की चूक माझीच आहे. मीच बोलली नाही म्हणून गेलं सगळं."

मग तिने दुसरी कैरी हातात घेतली.